ओबारांची सव्वीस वाघिणींची मालगाडी

हायासाकांच्या स्वेटरची बाही एका वाघिणीच्या कडीत अडकली आणि त्यांनी हात मागे घेतला, एवढंच झालं. पण एकीमागे दुसरी, दुसरीमागे तिसरी, अशी बारा फूट लांबीची अख्खी मालगाडी टेबलाच्या कडेवरून माळेतल्या मण्यांसारखी ओघळली. एकशे तीस कंटेनर सभागृहाच्या फरशीवर उड्या मारत खुर्च्यांखाली पसार झाले. एकेक कंटेनर खोडरबराएवढा. गाडी ओबारांची होती, आणि ओबारा सगळ्यांसाठी जेवणाचे डबे आणायला खाली गेले होते.

हायासाकांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. मोरिओका शहरातले निम्मे म्हातारे त्यांच्या हातच्या दातांनी जेवतात. इतक्या नाजूक कामाला सरावलेल्या माणसाच्या हातून असं व्हावं, याचा त्यांना स्वतःलाच मोठा अपमान वाटला. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. छोट्या आगगाड्यांची हौस असलेल्या त्यांच्या मंडळाचे बाकीचे सभासद पलीकडच्या खोलीत चहाच्या थर्मासवरून वाद घालत होते. मग अठ्ठावन्न वर्षांचा हा गृहस्थ गुडघ्यांवर रांगला, मोजून एकशे तीस कंटेनर गोळा केले, वाघिणी रुळावर चढवल्या, वाकलेल्या दोन कड्या चिमट्याने सरळ केल्या आणि गाडी पुन्हा भरली. भरताना जीव ओतला. तपकिरीशेजारी तपकिरी, हिरव्याशेजारी हिरवा, पांढरे शेवटी. आधी गाडी कशी गबाळी दिसत होती, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

ओबारांनी आयुष्याची एक्केचाळीस वर्षं शहराबाहेरच्या मालधक्क्यावर फोर्कलिफ्ट चालवली. ट्रकवरचा कंटेनर उचलायचा, वाघिणीवर ठेवायचा. वाघिणीवर पाच कंटेनर, गाडीला सव्वीस वाघिणी. निवृत्त झाल्यावर त्यांनी मंडळात नाव घातलं आणि एकेक करून वाघिणी जमवल्या, पण इंजिन घेतलं नाही. लोकांनी फार छळलं. नवरदेवाशिवाय वरात काढणारा माणूस, असं अध्यक्ष म्हणायचे. ओबारांचं म्हणणं साधं होतं : इंजिन चालकाचं, आपलं काम गाडी भरून देण्यापुरतं. म्हणून दर वेळी त्यांच्या वरातीला नवरदेव हायासाका पुरवायचे.

ओबारांना एकच गोष्ट हवी होती. सव्वीसच्या सव्वीस वाघिणींनी, भरल्या गाडीनं, टेबलाला एक पूर्ण फेरी मारावी. खिडकीकडच्या वळणावर घोडं अडायचं. सलग तीन वर्षं, संस्कृती दिनाच्या सुट्टीत लोक बघायला येत तेव्हा, नेमक्या त्याच वळणावर गाडी आतल्या बाजूला लवंडायची आणि मुलं टाळ्या वाजवायची. पुढच्या वाघिणी हलक्या आणि मागचा भार जड झाला की इंजिनाच्या ओढीनं गाडी वळणात आत खेचली जाते. हायासाकांनी सुचवलं होतं की सगळ्या कंटेनरांत सारखंच वजन घाला, प्रश्न मिटला. ओबारांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी सगळ्यांना एकाच मापाची कवळी बसवायला सांगितली होती. सगळे कंटेनर सारखेच भरलेत, अशी मालगाडी कुणी कुठे पाहिली आहे? कुणी कांदे पाठवतो, कुणी कागद, कुणी रिकामाच परत पाठवतो.

तेव्हा गेला हिवाळा त्यांनी मासे धरायच्या गळाचं शिसं कापून कंटेनरांत भरण्यात घालवला. कुणात जास्त, कुणात थोडं, कुणात काहीच नाही. घरचा वजनकाटा त्यांच्या ताब्यात गेला आणि त्यांच्या बायकोच्या, कात्सुएबाईंच्या, केकचा अंदाज बिघडला, तो उन्हाळ्यापर्यंत. मग कुठला कंटेनर कुठे, याचा हिशेब ओबारांनी बसवला : जड वाघिणी पुढे, हलक्या मागे, आणि प्रत्येक वाघिणीची दोन्ही टोकं तोलून. हे कुठे लिहून ठेवलंय का, असं कुणीतरी विचारलं होतं. लिहिलेल्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

त्याला कारण होतं. नोकरीत असताना एकदा कागदावर तीन टन लिहिलेला कंटेनर त्यांनी उचलला आणि फोर्कलिफ्टची मागची चाकं त्यांना वेगळं काहीतरी सांगू लागली. वजन एका अंगाला होतं. ओबारांनी तो खाली ठेवला आणि चढवायला नकार दिला. साहेब ओरडले, गाडी चार मिनिटं उशिरा सुटली, आणि तो उशीर ओबारांच्या नावावर लागला. कंटेनर उघडला तर एका बाजूला छतापर्यंत बिडाच्या किटल्या आणि दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याची रिकामी खोकी. शाबासकी कुणी दिली नाही. ओबारांनीही ही गोष्ट मंडळात एकदाच सांगितली, तीही कुणीतरी किटलीतून चहा ओतत होतं म्हणून.

डबे घेऊन ओबारा वर आले. टेबलापाशी थांबले, गाडीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"रंग छान दिसतायत," एवढं बोलून ते जेवायला बसले.

हायासाकांना हायसं वाटलं, पण ते लोणच्याच्या पहिल्या फोडीपुरतंच. मग त्यांना शिसं आठवलं. रंगाच्या नादात त्यांनी जड-हलकं सगळं एक करून टाकलं होतं, आणि आज, संस्कृती दिनाला, गाडी एक वाजता लोकांसमोर सुटायची होती. ओबारा शांतपणे मासा निवडत होते. हायासाकांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. ज्या माणसाला रोज परक्यांच्या तोंडात हात घालायची सवय, त्याला स्वतःचं तोंड उघडायला बारा वाजून वीस मिनिटं झाली.

"ओबारासान, गाडी माझ्या हातून पडली. सगळी. मीच परत भरली."

"हं."

"तुम्हाला कळलं होतं?"

"तुमच्या गुडघ्यांना धूळ लागलीय." ओबारांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "चला, उतरवा सगळे."

पुढची पन्नास मिनिटं हायासाका नुसते पाहत राहिले. ओबारा एकेक कंटेनर दोन बोटांत उचलायचे, क्षणभर हवेत धरायचे, बोटं किंचित हलवायचे आणि ठेवायचे. काटा नाही, कागद नाही. एखादा उचलून परत मागे जायचा. एकदा त्यांनी डोळेही मिटले. एक वाजला, लोक जमले, अध्यक्ष दोनदा खोकले. ओबारांनी मान वर केली नाही. शेवटचा पांढरा कंटेनर शेवटच्या वाघिणीवर बसला, तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

हायासाकांनी इंजिन जोडलं आणि बटण हळूहळू फिरवलं. गाडी सरळ रुळावरून गेली, पुलावरून गेली, खिडकीकडच्या वळणाला लागली. सातवी वाघीण किंचित कलली. ओबारांचा हात नकळत पुढे झाला, जणू अजूनही समोर फोर्कलिफ्टचा दांडा होता. वाघीण सावरली. मागच्या एकोणीस तिच्यामागून मुकाट्याने वळल्या आणि गाडी फेरी पुरी करून जिथून निघाली तिथे आली.

टाळी कुणी वाजवली नाही. शेजारच्या रुळावर अध्यक्षांची बुलेट ट्रेन सुसाट धावत होती आणि सगळी मुलं तिकडे लोटली होती. एक म्हातारी तेवढी तिळाची कुरकुरीत सेनबेई खात ओबारांच्या गाडीसमोर उभी होती. तिने विचारलं, यातला कांद्यांचा कंटेनर कुठला? ओबारांनी चौथ्या वाघिणीवरचा तिसरा दाखवला. तिने मान डोलावली, जणू तिला वास आला.

हायासाका तेवढ्यात जवळ आले आणि कमरेतून वाकले. त्यांनी पुन्हा एकदा माफी मागितली. मग जरा चाचरत म्हणाले, "पुढच्या वर्षी... गाडी भरताना मीही येऊ का? वजनाचं शिकवाल मला?"

ओबारा पहिल्या वाघिणीवरचा कंटेनर केसभर सरळ करत होते. मान वर न करताच ते म्हणाले,

"या, पण हात खिशात ठेवून."