बाईचा गळा
सुनेनं खोकल्यासाठी ज्येष्ठमधाची काडी पुढं केली, अन् त्या वासानं मला देगलूरची ती दुपार आठवली. आजारातून उठलेली गाणारी बाई वर्षानं पहिल्यांदाच स्टेजवर उभी होती, गालात अशीच काडी धरून. माईकसेट माझा होता. वरच्या सुराला आवाज चिरकला तसे लोक माझ्यावर ओरडले, "मामा, भंगारात घाल तुझा भोंगा." मला लई लागलं. माईक ओढून मी म्हणलो, "सेट चांगला हाय. बाईचा गळाच गेलाय." लोक हसले. ती खाली उतरली. आवरताना माईकची वायर ढिली सापडली. बाई अजून समोरच्या एस.टी. स्टँडवर बसली होती. मी वायर घट्ट केली, पण तिच्याकडं गेलो न्हाई. ती पुन्हा कुठं गायली न्हाई, असं ऐकलं. सुनेला म्हणलो, "नको, माझा गळा चांगला हाय."