डिझेल इंजिनाखालची माती

पापनाशमजवळ मामांच्या भातशेतात पाणी ओढणारं जुनं डिझेल इंजिन आहे. त्याच्याखालची काळी, तेलकट माती मी डबीत भरली तेव्हा मामा म्हणाले, “शेतांत इतकी बरी माती असतां हीच कशाला गे?” मला त्या मातीतले जिवाणू हवे होते. डिझेलच्या काही रेणूंत गंधक घट्ट बसलेलं असतं. जळलं की त्याचाच धूर घशाला झोंबतो. काही जिवाणू मात्र बाकीचा रेणू न मोडता नेमकं तेवढं गंधक काढून घेतात, बोर शाबूत ठेवून आतली बी काढावी तसं. हे त्यांना जमतं तरी कसं, एवढ्या कुतूहलापायी मी तंजावुरात पीएचडीला चिकटले.

पण प्रयोग काही जमेना. एका चंबूत गंधक फक्त त्या रेणूतलं, दुसऱ्यात मुळीच नाही. जिवाणू वाढून पहिला गढूळ व्हावा, गंधकाविना न वाढल्याने दुसरा नितळ राहावा, तर माझे दोन्ही गढूळ! रेणूतलं गंधक सुटलं की चाचणीत निळा रंग येतो, तोही नाही. सर म्हणाले, “आणखी एकदाच बघ, नाहीतर विषय बदलू.” म्हणजे दोन वर्षं पाण्यात. मी इतकी चिडले की घरी कुणाशी धड बोलले नाही.

रविवारी अम्माने सांबारातल्या शेवग्याच्या शेंगा वाढल्या. बटाट्याची भाजी आत झाकलेली. मी मागितली, तर म्हणाली, “आधीं शेंगा सरूं दे, मग आणतें. बटाटा दिसला कीं शेंगांना कोण हात लावतंय?”

घास तोंडातच राहिला. माझ्या जिवाणूंनाही कुठूनतरी आयतं गंधक मिळत होतं!

सोमवारी चंबूंत घालते त्या क्षारांच्या बरण्यांवरची नावं एकेक करून वाचली. लोह आणि जस्त चिमूटभरच लागतात, पण माझे दोन्ही सल्फेट, म्हणजे गंधकवाले. त्यांच्या जागी बिनगंधकाचे क्लोराइड घातले.

या खेपेला एक चंबू गढूळ झाला, एक नितळ राहिला. गढूळ पाण्यात चाचणीचं रसायन टाकलं आणि हळूहळू निळा रंग चढला. मी ओरडलेच. सर धावत आले, बघत राहिले, आणि माझा विषय वाचला.

घरी निघताना तो नितळ चंबू दिसला. त्यातले जिवाणूही त्याच मातीतले, माझ्या पुराव्यासाठी उपाशी ठेवलेले. वाईट वाटलं, आणि मेले की काय तेही बघायचं होतं. चिमूटभर सल्फेट टाकलं नि निघाले.

सकाळी तो गढूळ झाला होता. निळ्या रंगानेही झाला नव्हता इतका आनंद मला तेव्हा झाला.