सतराची चौथी

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सव्वासहा वाजता अंबुजाक्का वारल्या. तेव्हा वेलचेरीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर गव्हाच्या सात पेट्या होत्या. एकाही पेटीत ओंबी आली नव्हती.

चेन्नईत गहू, तोही गच्चीवर, हे वाचून कोणी हसेल. हसणाऱ्यांची अक्कांना सवय होती. मुलींच्या एका कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्राच्या डेमॉन्स्ट्रेटर होत्या आणि मी ग्रंथपाल. त्यांचं घराणं तंजावरचं, किती पिढ्यांचं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. मी लग्न होऊन साताऱ्याहून आलेली. आमच्याकडे पोथीत उरलेलं ‘मज’ आणि ‘तुज’ त्यांच्या स्वयंपाकघरात रोजच्या वापरात होतं, ‘सगळं’ला त्या ‘अस्की’ म्हणत, आणि त्याला खेटून ‘बरं’ अशा अर्थाचं तमिळ ‘सरी’ आणि ‘अय्यो’.

पहिल्यांदा त्या ग्रंथालयात आल्या तेव्हा काउंटरच्या वर मला फक्त त्यांचं कपाळ आणि कुंकू दिसलं. वाळवी लागलेल्या एका जुन्या ग्रंथात चित्रांवर जे पातळ कागद असतात, ते त्यांना हवे होते.

“चित्रं तू ठेव. वरचे कागद मज दे.”

“पुस्तक फाडायला देत नाही आम्ही.”

“वाळवीला दिलंस की!”

मी दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, तिसऱ्या दिवशीही आल्या. शेवटी कशाला हवेत म्हणून मीच विचारलं, तर मनगट धरून मला प्रयोगशाळेमागच्या वाफ्याशी घेऊन गेल्या. चिमट्याने गव्हाचं एकेक फूल उघडून त्यातले तीन परागकोश त्या काढत होत्या, भाकरीच्या पिठातला खडा काढावा तसे.

“गहू फार आतल्या गाठीचा,” त्या म्हणाल्या. “दार लावून आपलं आपल्याशीच लग्न करतो. ते व्हायच्या आत आतला नवरा काढायचा, वरनं कागदाची पिशवी घालायची, मग आपल्याला पाहिजे तो नवरा आणायचा. पिशवीतनं उजेड आत गेला पाहिजे. म्हणून तुझे कागद.”

त्या दुपारी मी ते कागद काढून दिले. नोकरीतला माझा तेवढा एकच गुन्हा.

त्यांना काय हवं होतं ते सांगते. त्यांच्याकडे एक उंच, जुना गहू होता. इथला उकाडा तो सोसायचा, पण छातीएवढा वाढून ओंबीच्या भाराने आडवा पडायचा. दुसरा उत्तरेकडचा बुटका. तो ताठ उभा राहायचा, पण इथल्या उन्हात त्याचा दाणा पोचट राहायचा. दोघांचं लग्न लावून अक्कांना असं रोप हवं होतं जे गुडघ्याएवढंच राहील, इथल्या उन्हात दाणा भरेल, आणि ज्याच्या ओंबीला लांब कुसळं असतील. कुसळांना त्या दाढी म्हणायच्या. दाढी ऊन खाऊन दाण्याला खाऊ घालते, असं त्यांचं म्हणणं.

वर्गात दर वर्षी त्या एक प्रयोग करून दाखवत. द्राक्षबागेत वापरतात ते वाढीचं संजीवक दोन्ही गव्हांच्या कोवळ्या रोपांवर शिंपडायचं. आठवड्यात उंच जातीची रोपं आणखी ताणली जायची. बुटकी होती तेवढीच. “पाहा,” अक्का मुलींना सांगत, “वाढ असा हुकूम रोपाच्या आत सुटतोच. बाहेरून आपण आणखी ओरडलो. ह्याच्यात एक जीन आहे, ती तो हुकूम मानत नाही. त्यामुळे ह्याचं बळ काडीत जात नाही, दाण्यात जातं.” मागच्या बाकावरून कोणी तरी बुटकीबद्दल कुजबुजलं. “होय की,” अक्का म्हणाल्या, “मजही पुष्कळांनी वाढ म्हणून सांगितलं.”

पीएच.डी. नसल्याने त्या निवृत्त होईपर्यंत डेमॉन्स्ट्रेटरच राहिल्या. विभागप्रमुख एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, “अंबुजा, हा भाताचा मुलूख आहे. वाफा मोकळा करा.” अक्का उठून उभ्या राहिल्या. उभ्या राहून फार फरक पडला नाही, पण बोलल्या मात्र स्वच्छ. “उगवणार नाही म्हणालात, उगवला. ओंबी येणार नाही म्हणालात, आली. आता दाणा भरणार नाही म्हणता. बसा, पाहूं.”

निवृत्तीनंतर वाफा गेला आणि गहू आमच्या गच्चीवर आला. त्या तळमजल्यावर राहत, मी तिसऱ्यावर. तो पेरायला मासळीबाजारातून त्या बर्फाच्या थर्मोकोलच्या पेट्या आणत. घरात कांदाही जपून खाणारी ही बाई रिक्षात मासळीच्या पेट्या घेऊन बसलेली पाहून शेजारणी नाकाला पदर लावत. “गव्हाला सोवळं नसतं,” एवढंच अक्का म्हणत.

बियाणं मात्र माझ्या खणात राहायचं. ग्रंथालयात संगणक आला तेव्हा कार्डांचा लाकडी खण मोडीत निघाला, तो मी त्यांना दिला. प्रत्येक कार्ड म्हणजे एक आई. तिच्या मागे तिच्या लेकींची पाकिटं, एक, दोन, तीन असे नुसते आकडे घातलेली. पाकिटावर आईचं नाव का नाही, असं मी विचारलं होतं. “आईच्या पदराआड बसलेली लेक कोणाची, हे लिहायला पाहिजे का?” गेल्या मोसमात सतरा नंबरच्या आईची चौथी लेक त्यांच्या मनासारखी निघाली होती. बुटकी, दाढीवाली, भरल्या दाण्याची. ती आपला गुण पुढे तसाच देते का, एवढंच पाहायचं राहिलं होतं.

डिसेंबरच्या पावसात तळमजल्यात पाणी शिरलं तेव्हा अक्का एग्मोरच्या एका इस्पितळात होत्या. आजार पोटातला, डॉक्टरांनी मुदत सांगून टाकलेली. कमरेएवढ्या पाण्यातून मी तो खण वर आणला. पाकिटं दमट झाली होती. बी पंख्याखाली वाळवलं, कोऱ्या पाकिटांत भरलं, आकडे नीट उतरवले. आणि मग मी ग्रंथपालाला शोभेल असं केलं. सगळी कार्डं पुढे, क्रमाने. सगळी पाकिटं मागे, क्रमाने. एकं एकांशेजारी, दोनं दोनांशेजारी. फार सुंदर लागलं होतं.

इस्पितळात मी अभिमानाने सांगितलं. अक्कांनी डोळे मिटले.

“चारची किती आहेत?”

“सात.”

“अय्यो सुलभा! अस्की लेकरं अनाथाश्रमात घातलीस.”

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग, सलाईन लावलेला हात सांभाळत, त्या उशीवर थोड्या वर सरकल्या.

“सरी. पुरे. तुझ्या कागदाला आठवत नाही, गव्हाला आठवतं. सातही पेर. सात पेट्या, एकेकीत बारा दाणे. बुटकेपण आईबाप दोघांकडून आलं असेल तर बाराही बुटकी येतील. एकाकडनंच आलं असेल तर मधे उंच डोकी निघतील. ज्या पेटीत बाराही बुटकी आणि बाराही दाढीवाली, ती माझी.”

“आणि तशी एकही नसली तर?”

“तर मी चुकले. तू नव्हे.”

मी पेरलं. कबुतरांसाठी वरून मच्छरदाणी बांधली. रोज संध्याकाळी जाऊन उंची सांगायची, त्या ऐकून घ्यायच्या. शेवटच्या आठवड्यात त्या बोलत नव्हत्या, तरी मी सांगत होते.

त्या गेल्यावर सोळाव्या दिवशी असोसिएशनचे सेक्रेटरी दारात आले. पावसाने गच्ची गळत होती, वॉटरप्रूफिंगची माणसं ठरली होती.

“मामी गेल्या, वाईट झालं,” ते म्हणाले. “आता त्या पेट्या तेवढ्या हलवा, मॅडम. गव्हाचं काय, दुकानात किलोने मिळतो.”

ओंब्या नुकत्या पोटऱ्यांतून, म्हणजे पानांच्या फुगलेल्या म्यानांतून, बाहेर डोकावत होत्या. त्या नाजूक दिवसांत मातीने भरलेली थर्मोकोलची पेटी उचलली तर ती वाकते आणि मुळं तुटतात. जन्मभर ‘शांतता राखा’च्या पाटीखाली बसलेल्या मला आवाज चढवता येत नाही. मी हळूच म्हणाले, “नाही.”

“म्हणजे?”

“मार्चपर्यंत नाही. पलीकडची अर्धी गच्ची आधी करा.”

“असं अर्धं-अर्धं होत नाही.”

“मग सगळंच मार्चमध्ये करा.”

दुसऱ्या दिवशी कामगार आले तेव्हा मी पेट्यांमध्ये खुर्ची टाकून वाचत बसले होते. त्यांच्या मुकादमाने मच्छरदाणीतून वाकून पाहिलं, हे काय म्हणून विचारलं. माझ्या मोडक्या तमिळमध्ये मी सांगितलं. गहू असा दिसतो हे त्याला माहीत नव्हतं. त्याने पलीकडच्या अर्ध्यात काम सुरू केलं. सेक्रेटरी आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी सतरा दिवस तिथे बसले, छत्री घेऊन.

पहिल्या पेटीत तीन उंच डोकी निघाली. दुसरीत दाढी नव्हती. तिसरी आणि सहावी मिसळीच्या. चौथी बाराही उंच, एका वाऱ्यात आडवी झाली. सातवीत सगळी बुटकी, पण पाच बिनदाढीची. पाचव्या पेटीत बारा रोपं होती. पट्टी लावून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बाराही गुडघ्याएवढी, बाराही दाढीवाली. मार्चमध्ये दाणा दाताखाली फोडला, तो भरलेला होता.

अक्का चुकल्या नव्हत्या. हे त्यांना सांगायला उंची घेऊन जायचं ठिकाण मला राहिलं नव्हतं, म्हणून मी ते ‘वाफा मोकळा करा’ म्हणणाऱ्या त्या विभागप्रमुखांना पत्राने कळवलं. उत्तर आलं नाही. मी दुसरं पत्र टाकलं आहे.

खण आता माझ्या कपाटात आहे. सतराव्या कार्डामागे एक पाकीट आहे. त्यावर आईचा आकडा आहे, लेकीचा आहे आणि अक्कांचं नाव आहे. आत चारशे बारा दाणे आहेत.