एकाच बाजूची पत्रं

जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात तो मला बरेचदा दिसायचा. साठी उलटलेला, पडेगावकडचा. पूर्वी सिगारेटच्या पाकिटांत निघायची ती चित्रं मी जमवतो. माझ्यासारखा कुणी दिसला की तो जुन्या पत्रांचा गठ्ठा पुढं धरायचा. असली चित्रं जमवणाऱ्या पहिल्या मंडळींपैकी एकानं नागपूरहून इथल्या मित्राला लिहिलेली ती पत्रं होती. 'वाघ पाठवतो, बदल्यात जहाज पाठवा,' असा मजकूर. पण तो गठ्ठा हातातून सोडायचा नाही आणि किंमतही सांगायचा नाही. चोरीचा माल असेल, नाहीतर कुणाच्या घरी काय आहे याचा हा माग काढत असेल, असं मला वाटू लागलं.

शेवटी मी विचारलं, "विकायची आहेत का?"

"नाय."

"मग दाखवता कशाला?"

"ही माझ्या बापाला आलेली हायत. बापानं लिहिलेली समदी नागपूरला गेली. तिथला माणूस वारला, सामान भंगारात गेलं. तुमच्याकडं तर नाय आली?"

मी नाही म्हणालो. त्यानं माझ्या पिशवीकडं रोखून पाहिलं. मी ती जवळ ओढली.

"बाप गेला तवा मी आईच्या पोटात व्हतो," तो म्हणाला. "बोलायचा कसा, तेवढंच बघायचं व्हतं."

मी पिशवी त्याच्यासमोर रिकामी केली. तो खाली बसला आणि एकेक चित्र उलटं करून, मागं बापाच्या हातचं काही लिहिलंय का ते पाहू लागला.