फोन माझ्या हातात होता

"कोणाकोणाच्या डोक्यावर परिणाम झालाय? हात वर करा."

साहेब हॉलच्या दारातून विचारत होते. कोरोनाचे दिवस. रत्नागिरीतल्या एका शाळेचं कोविड सेंटर केलेलं, साहेब त्याचे प्रमुख. खाली हॉलमध्ये सतरंजीवर आम्ही, बोटीवरचे खलाशी आणि मासळी कंपनीतले कामगार. वर वर्गांत खाटा. तिथे बोटमालक आणि मुंबईहून आलेले नोकरदार.

मी हात वर केला. झोप नव्हती. छाती धडधडायची. माझं गाव हिंगोलीकडचं. इथे मेलो तर कोणी पोचणार नाही, एवढंच डोक्यात.

साहेब म्हणाले, "सातवीतून शाळा सोडलीस ना? परिणाम व्हायला आधी डोकं लागतं."

हॉल हसला. मीही हसलो. हात खाली घेतला. त्यानंतर तिथे कोणाचाच हात वर झाला नाही.

बरा झालो तेव्हा कंपनी बंद, घरी जायला गाडी नाही. साहेबांनी ठेवून घेतलं. राहायला जागा, दोन वेळचं जेवण. फक्त पाया पडायचं बाकी ठेवलं मी. काम सोपं. मानसोपचाराच्या मॅडमचा रोज सकाळी फोन यायचा, सगळ्यांसाठी. तो वर न्यायचा, एकेकाच्या हातात द्यायचा, दार लावून बाहेर थांबायचं. मग खाली येऊन दारातूनच विचारायचं, "कोणाला काय त्रास?" आणि वहीत लिहायचं. हॉल, सर्व ठीक.

माझ्याच अक्षरात.

दामूकाका पूर्णगडचे खलाशी. भाऊ याच आजारात गेला, त्यांना तोंडही बघायला मिळालं नाही. एक दिवस ते जिन्याशी आले. "बाबा, त्या बाईंशी मला जरा बोलूदे रे. माजा मन थाऱ्यावर नाय."

फोन माझ्या हातात होता. चालू. जिन्यावर साहेब उभे.

"काका, फोन वरच्यांचा आहे."

"बरा," एवढंच म्हणाले. जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

चार दिवस जेवले नाहीत. भरलेली ताटं मीच उचलली. चारही दिवस लिहिलं, सर्व ठीक. पाचव्या दिवशी अँब्युलन्स आली. काका परतले नाहीत. आजाराने गेले म्हणतात. असेल. ताटं मी उचलली होती.

दुसऱ्या सकाळी मॅडमनी फोनवर मलाच विचारलं, "हॉलमधून कधीच कोणी बोलत नाही. असं कसं?"

साहेब शेजारीच. हळूच म्हणाले, "सांग, मजेत आहेत."

"नाही मॅडम. त्यांना फोन दिलाच नाही. मी दिला नाही."

"आश्रय दिला, त्याचे हे पांग फेडलेस?" साहेब म्हणाले. दुपारी माझी पिशवी गेटबाहेर.

संध्याकाळी मॅडम आल्या. हॉलमधल्यांनी नंतर सांगितलं, पीपीई किट घालून सतरंजीवर बसल्या. मागच्या वर्गात एकेकाला नेऊन, दार लावून बोलल्या. हात वर करायला सांगितलं नाही. पुढे मला त्यांनीच कामाला घेतलं. आजही त्यांच्याबरोबर बंदरावर खलाशांशी बोलायला जातो. त्या म्हणतात, तू खरं बोललास. उशिरा बोललो, मॅडम.

काकांची पिशवी पूर्णगडला मीच पोचवली होती. तेव्हापासून काकू दरवर्षी सुकट पाठवतात. शेवटी माझ्या माणसाला तूच बघितलंस, म्हणतात. मी खातो. गप्प बसतो.

या रविवारी जाणार आहे. साहेब जिन्यावर उभे होते तेही सांगेनच, पण नंतर. आधी सांगणार, काकांनी फोन मागितला होता आणि तो माझ्या हातात होता. मग काकूंनी दार लावलं तरी चालेल.