रोह्याच्या काकांच्या हाताखाली

माणसाने आयुष्यात एकाच माणसाला भ्यायचं असा नियम असता, तर मी माझी सगळी भीती रोह्याच्या काकांच्या नावावर करून मोकळा झालो असतो. हे काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. वय बहात्तर, उंची बेताची, पण खांदे असे की दारातून आत येताना ते किंचित तिरके होतात आणि मगच घरात उजेड येतो. ते कुणाला टाकून बोलल्याचं कधी ऐकिवात नाही. भीती होती ती त्यांच्या मायेची. त्यांनी पाठीवर कौतुकाची थाप मारली की मला ठसका लागायचा, आणि ‘या जावईबापू’ म्हणून त्यांनी हात हातात घेतला की मी मनातल्या मनात बोटं मोजायला लागायचो. लग्न ठरवायला ही मंडळी पेणला आमच्याकडे आली तेव्हा सगळे पोह्यांची चौकशी करत होते आणि काका माझा दंड चाचपत होते. बराच वेळ चाचपून ते सासऱ्यांना म्हणाले, “पोरगा चांगला हाय, पण वरचा मजला बांधायचा राह्यलाय.” आईला वाटलं, हे माझ्या अकलेबद्दल बोलले. ती पुढे वर्षभर त्यांच्याशी तुटक वागायची. ते फक्त माझ्या छातीबद्दल बोलत होते, हे तिला पटवताना मी दमलो.

काकांचा जन्म भातगिरणीत पोती वाहण्यात आणि वजन करण्यात गेला, पण त्यांचं खरं विद्यापीठ म्हणजे लहानपणी गावात असलेली तालीम. ती तालीम केव्हाच मोडली. काकांनी तिथली मुद्गलांची जोडी, गळ्यात घालून चालायचा दगडी नाल आणि दोन हातांत न मावणारा एक गोल धोंडा एवढं सामान मात्र घराच्या मागच्या अंगणात आणून ठेवलं. जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे एकच औषध, जोर काढणे. सर्दी झाली, जोर काढा. झोप येत नाही, जोर काढा. मेव्हण्याला परीक्षेत कमी मार्क पडले तेव्हाही त्यांनी हेच सुचवलं होतं. दुसऱ्याच्या खांद्यांकडे त्यांची नजर जायचीच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गणपतीचा कारखाना आहे. तिथे एका अर्धवट रंगवलेल्या मूर्तीसमोर उभे राहून ते म्हणाले, “झकास झालीय. पण चार हात वागवायचे म्हणजे खांदा नको काय जरा?” कारागीर हसला खरा, पण काका समोरून हलेपर्यंत त्याने ब्रश काही उचलला नाही. मी जिमला जायला लागलो हे कळल्यावर ते मुद्दाम बघायला आले. भिंतभर आरसे बघून त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, “इथे व्यायाम करतात की दाढी?” आणि मी ज्या मशीनवर बसलो होतो ते हाताने हलवून बघत म्हणाले, “वजन तर हे यंत्रच उचलतंय, जावईबापू. तुम्ही नुसतं त्याला धीर देताय.” दुसऱ्या दिवसापासून मी जिम सोडली.

गेल्या थंडीत त्यांचा फोन आला. “येत्या रविवारपासून रोह्याला यायचं. सकाळी सातला अंगणात पायजे.” कशासाठी, किती दिवस, काही नाही. मी बायकोकडे दाद मागितली. “काका कधी कुणाकडे काही मागत नाहीत,” ती म्हणाली, “जाऊन या.” आता काका मागत होते की बजावत होते यावर वाद घालता आला असता, पण तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं. डोलवीच्या कंपनीत आठवडाभर शिफ्ट करून रविवारी पहाटे मी मोटारसायकलवर कुडकुडत गडब, नागोठणं मागे टाकत निघायचो. शनिवारपासूनच मी भर थंडीत पाऊस येतो का म्हणून आभाळाकडे बघायचो. कोलेटी, सुकेळी अशी गावं मागे पडतील तसा गाडीचा वेग कमी होत जायचा.

पहिल्या रविवारी जोर. दोन हात जमिनीला, छाती मातीला लागेपर्यंत खाली आणि मग नाग फणा काढतो तसं पुढून वर. पाच झाल्यावर मी मातीतच राहिलो. “उठा,” काका म्हणाले, “अजून वरच्या मजल्याची वीटसुद्धा लागली नाय.” पण खरी दहशत मुद्गलांची. मुद्गल म्हणजे लाकडाची गदाच म्हणा, वर मुठीत मावणारी आणि खाली दुधीभोपळ्याएवढी. ती खांद्यावरून पाठीमागे सोडायची, पाठीला घासत फिरवायची आणि दुसऱ्या बाजूने पुढे आणायची. जी वस्तू आपल्या डोक्यामागून चालली आहे आणि आपल्याला दिसत नाही, तिच्यावर विश्वास ठेवायचा, हे मला शेवटपर्यंत जमलं नाही. प्रत्येक फेरीला मी मान आत ओढून घ्यायचो. “कासव झालात काय?” काका ओरडायचे. “मुद्गल मारत नाय. भ्यालेला माणूस स्वतःच त्याच्या वाटेत येतो.”

या सगळ्यात माझी एकच वकील होती, काकू. तीन वर्षांपूर्वी काकूंची डावी बाजू लुळी पडली तेव्हापासून त्या अंथरुणावर. त्यांना मूलबाळ नाही. सकाळी एक बाई मदतीला येते, पण खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, ही उचलाउचल काकाच करायचे. काकूंची खाट अंगणाकडच्या खिडकीशी होती. तिथून त्या माझे जोर मोजायच्या, आणि मोजताना अकरावरून थेट पंधरावर जायच्या.

“गो, बारा कुठे गेले?” काका विचारायचे.

“आजारी माणसाची चूक हुते,” काकू म्हणायच्या आणि मला डोळा मारायच्या.

सातव्या रविवारी जे झालं ते मी अजून विसरलेलो नाही. काका मला दाखवायला म्हणून जोर काढत होते. सहावा की सातवा जोर, ते खाली गेले आणि वर आलेच नाहीत. गुडघे टेकले, एक हात छातीवर, चेहरा राखेसारखा. आजवर ज्यांना मी भीत आलो त्या माणसाच्या डोळ्यांत मला माझ्याहून मोठी भीती दिसली. मी धावलो, त्यांना पायरीला टेकवून बसवलं, पाणी दिलं. खिडकीकडे पाठ करून बाईकडून वेणी घालून घेत असलेल्या काकूंचा आवाज आला, “आज जोर का थांबले?”

“जावईबापू दमले,” काका आत ऐकू जाईल असं म्हणाले. मग माझं मनगट धरून हळूच, “तिला सांगू नका.”

पायरीवर बसल्या बसल्या मग सगळं बाहेर आलं. अडीच महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, हृदयाच्या नळ्या बंद होत आल्यात, ऑपरेशन लगेच करा, वजन उचलू नका. ऑपरेशननंतर तीन महिने पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नव्हती. “मग हिला कोण उचलणार?” काका म्हणाले. “बाई एकटी हाय. सासरे तुमचे थकले. भाड्याचा माणूस आणला नि त्याच्या हातून ही सुटली तर? मला रात्रंदिवस तीच भीती. म्हणून म्हटलं, तुमचे हात तयार झाले की जाऊ.”

मला राग आला, रडू आलं, आणि सगळ्यात जास्त भीती वाटली. मी दर शनिवारी रविवार टळावा म्हणून आभाळाकडे बघत होतो आणि हा माणूस माझे दंड भरायची वाट बघत स्वतःचा जीव टांगून बसला होता. “काका, माझे हात काही ह्या जन्मात तयार होणार नाहीत,” मी म्हटलं. “उद्याच दवाखान्यात चला. काकूंना आम्ही पेणला नेतो.”

“आधी उचलून दाखवा,” काका म्हणाले.

परीक्षा तिथेच, त्याच सकाळी झाली. मी खाटेशी उभा राहिलो आणि तळहात विजारीला पुसले. काकूंना एव्हाना सगळं कळलं होतं. आत आलेल्या नवऱ्याचा तो चेहरा बघून त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. “हातांनी नाय,” काका म्हणाले, “छातीशी घ्या. लांब धरलेलं ओझं हातातून सुटतं, जवळ घेतलेलं नाय.” मी वाकलो, एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली.

“जावईबापू,” काकू म्हणाल्या, “आधी डोळे उघडा.”

मी डोळे उघडले आणि उचललं. खाट ते खुर्ची चार पावलं. काका शेजारून दोन्ही हात पसरून चालत होते, न लावता, पण पडलंच तर झेलायला. मी काकूंना खुर्चीत ठेवलं तेव्हा माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. काकूंनी उजव्या हाताने पदर सारखा केला आणि काकांना म्हणाल्या, “तुमच्याहून बरं उचलतात हो. मिशी टोचत नाय.” काका हसायला गेले आणि त्यांना हसू आवरेना की रडू, ते मला सांगता येणार नाही. ते पाठ फिरवून अंगणात गेले.

दोन दिवसांनी त्यांना मुंबईला नेलं. सासरे आणि मेव्हणा त्यांच्यापाशी थांबले. काकू पेणला आमच्या खालच्या खोलीत. ऑपरेशनच्या दिवशी मी रजा टाकली होती. सकाळी काकूंना खुर्चीत बसवलं, दुपारी परत खाटेवर ठेवलं. प्रत्येक वेळी त्यांचं काळीज माझ्या छातीला लागून धडधडताना कळत होतं. संध्याकाळी फोन वाजला तेव्हा त्या माझ्या हातांतच होत्या, खुर्ची आणि खाट यांच्या मधोमध. बायकोने फोन घेतला, ऐकलं, आणि आमच्याकडे बघून मान हलवली. “बरे आहेत. शुद्धीवर आले.” काकूंनी माझ्या शर्टाची कॉलर मुठीत धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

पंधरा दिवसांनी मेव्हणा गाडीतून काकांना पेणला घेऊन आला. मी गाडीचं दार उघडलं. आत एक म्हातारा बसला होता. सदरा खांद्यांवर नुसता लोंबत होता, आणि छातीशी त्यांनी एक छोटी उशी धरली होती. छातीचं हाड अजून जुळायचं होतं, म्हणून हातांवर भार देऊन उठायची मनाई होती. त्यांनी पाय बाहेर टाकले, उठायचा प्रयत्न केला आणि परत खाली बसले. मी वाकलो, त्यांच्या पाठीमागून हात घातला, कमरेला धरलं आणि जवळ घेऊन सावकाश उभं केलं. ते उभे राहिले. त्यांनी कपाळ माझ्या खांद्याला टेकवलं.

“जावईबापू,” ते अगदी हळू म्हणाले, “सोडू नका हां मला.”

“नाही सोडत,” मी म्हटलं.

वरच्या पायरीवर बायको दार धरून उभी होती आणि आतून काकू पुन्हा पुन्हा विचारत होत्या, आले काय, आले काय. आम्ही दोघं तिथेच, गाडीच्या उघड्या दाराशी, जरा जास्तच वेळ उभे राहिलो.