सरकत गेलेला धुरा

"मडावी, उईके, टेकाम, कुमरे. उभे राहा."

हजेरीचा क्रम हा नव्हता. सरांनी आदिवासी आडनावे तेवढी निवडून घेतली होती. नववीचा वर्ग. स्नेहसंमेलनाच्या नाटकासाठी मुले ठरवणे चालले होते. आम्ही उभे राहिलो. बाजारात गुरे पाहतात तसे सरांनी आम्हाला वरून खाली पाहिले आणि म्हणाले, "तुम्ही रेड इंडियन. तुम्हाला मेकअपची गरज नाही."

वर्ग हसला. मीही हसले. हसले की आपणही त्या वर्गातले धरले जातो, असे तेव्हा वाटायचे.

सर इतिहास शिकवायचे. नाटक त्यांनीच लिहिले होते. अमेरिका नावाचा तरुण देश कसा वाढला, हा विषय. पूर्वेच्या समुद्राला चिकटलेली तेरा राज्ये, आणि पाहता पाहता तो देश पश्चिमेच्या समुद्राला जाऊन भिडला. सांगताना सरांचा आवाज भरून यायचा. आपल्या मुलांनी यातून राष्ट्रप्रेम शिकावे, असे त्यांना मनापासून वाटत होते. माणूस वाईट नव्हता. याचाच मला जास्त राग येतो. एकदा मी विचारले होते, तिथे आधी राहणाऱ्यांचे काय झाले? सर म्हणाले, "राष्ट्र वाढते तेव्हा कुणाला तरी सरकावे लागते." आणि फळा पुसला.

राष्ट्राध्यक्ष झाला पाटलाचा मुलगा. माझा आवाज मोठा, म्हणून मी झाले आदिवासींचा म्हातारा प्रमुख. नाटकात एक दोर होता. धानाचे भारे ट्रॉलीवर बांधतात तो पांढरा, पाटलाच्याच घरून आणलेला. तो दोर म्हणजे देशाची सीमा. प्रवेश सुरू झाला की राष्ट्राध्यक्षाने कागद वाचायचा, "ही शेवटची रेघ." मी अंगठा लावायचा. पुढच्या प्रवेशात दोर आमच्या बाजूला सरकायचा. पुन्हा कागद, पुन्हा शेवटची रेघ, पुन्हा अंगठा. असे करत करत आम्ही रंगमंचाच्या कडेला येणार. मग मी हात जोडून एक वाक्य म्हणायचे: "हे महान राष्ट्रा, तुझ्यासाठी आम्ही वाट सोडतो." आणि पडद्यामागे निघून जायचे.

सगळ्या नाटकात आमच्यापैकी बोलायचे फक्त मला होते. मी ते वाक्य शेतात जाऊन पाठ केले. मोहाच्या झाडाखाली उभी राहून, मोठ्याने. माय जवळच गवत कापत होती. तिने विळा थांबवला.

"कोणासाठी वाट सोडतेस वो?"

"नाटकात वो माय."

"हं," ती म्हणाली आणि पुन्हा खाली वाकली.

आता त्या शेताचे सांगते, कारण बाकी सगळे तिथेच घडले. तलावाखाली आमची एकच बांधी. बांधी म्हणजे चारही बाजूंनी मातीचा धुरा, म्हणजे बांध, घातलेला धानाचा तुकडा. लागून पाटलाच्या बांध्या, एकापुढे एक. मधला धुरा सामाईक. दर वर्षी नांगरणीच्या आधी पाटलाचा माणूस फावडे घेऊन यायचा. आपल्या बाजूने धुरा कोरायचा आणि तीच माती आमच्या बाजूला थापायचा. धुरा जाडीला तेवढाच दिसायचा. फक्त जागा बदलायचा. आमच्याकडे लहान पोरालाही याचे नाव ठाऊक असते: धुरा कोरणे. भांडायला गेलात तर लोकच म्हणणार, वीतभर मातीसाठी कायले भांडून राहिलास?

बा भांडत नव्हता. तो म्हणायचा, "मातीच तं हाय. मोहापर्यंत येऊ दे, मंग पाहू."

मोह आमच्या बांधीत होता, चांगला आत. आजाच्या आधीपासूनचा. चैत्रात त्याच्या फुलांवर घर चालायचे, आणि देवालाही तीच फुले. मोह ही बाची शेवटची रेघ होती. मी नववीत गेले तेव्हा धुरा त्या झाडाच्या सावलीत आला होता.

नाटक दुपारी झाले. शाळेच्या मैदानात मंडप, पुढे खुर्च्या, मागे सतरंजी. खुर्चीत पाटील. सतरंजीच्याही मागे, मातीवर, माझे मायबाप. बाने धुतलेला शेला घेतला होता. माझ्या तोंडावर गेरू, डोक्याला मोरपिसे.

पहिल्यांदा दोर सरकला तेव्हा सगळे गप्प बसून पाहत होते. दुसऱ्यांदा पाटलाच्या पोराने तो दोर उचलला आणि अगदी आरामात, इकडेतिकडे न पाहता, आमच्या बाजूला ठेवला. मागून गुराखी बुढा बोलला. सगळ्या मैदानाला ऐकू गेले.

"अरे, हा तं आपल्या पाटलाचा धुरा होय!"

मैदान फुटले. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. पाटील स्वतः मांडीवर थाप मारून हसला. त्याला राग आला नाही. कशाला येईल? सगळ्या गावाला ठाऊक होते, आणि सगळ्या गावाला ठाऊक असूनही काही होत नाही, हेही सगळ्या गावाला ठाऊक होते.

मी बाकडे पाहिले. बा हसत होता. शेल्याचे टोक तोंडावर धरून, खांदे हलवत.

माझ्या आत काय झाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. तिसऱ्यांदा कागद वाचून झाला, अंगठा लावायची वेळ आली. मी खाली बसले. दोराच्या वर. पाटलाच्या पोराने दोर ओढला. मी घट्ट बसून राहिले. तो दबक्या आवाजात म्हणाला, "उठ ना वो, आता तुझं वाक्य हाय." विंगेतून सर म्हणाले, "उठ. नाटक खराब होते आहे."

मी म्हणाले, "मी नाही जात."

ते नाटकात नव्हते. लोकांना आधी वाटले, असेलच. मग हसणे हळूहळू थांबले. तेवढ्यात पडदा पडला. पडद्यामागे सरांनी एका दंडाला आणि शिपायाने दुसऱ्या दंडाला धरून मला उचलले आणि मंडपाच्या मागे नेऊन ठेवले. पिसे तिथेच पडली. पडदा पुन्हा उघडला. माझ्याशिवाय नाटक पुढे चालले. मागच्या बाजूने मला ऐकू येत होते. देश समुद्राला लागला. टाळ्या पडल्या. मग सगळे उभे राहिले आणि आपल्या देशाचे गाणे झाले. मीही उभी राहिले, तिथेच, मंडपाच्या मागे. गाणे माझेही होते.

दुसऱ्या दिवशी पाटलाने बाला बोलावले. मी मागोमाग गेले. पाटील ओसरीत बसलेला, बा पायरीच्या खाली उभा.

"पोरीले शिकवून राहिलास का बिघडवून राहिलास?"

बा म्हणाला, "लेकरू हाय पाटील. पुढं नाही करणार."

"अरे, नाटक होतं ते," पाटील म्हणाला. मोठ्या मनाने. "नाटकातबी तुमाले सरकता येत नाही?"

त्या पावसाळ्याच्या तोंडावर धुरा मोहाच्या अलीकडे, आमच्या बाजूला आला. या वेळी वीतभर नाही. एकाच खेपेला झाड ओलांडून. बा पाहायला गेला. मी लांबून पाहत होते. तो धुऱ्याजवळ उभा राहिला, पायाने ओली माती दाबून पाहिली, घरी आला, हात धुतले, जेवायला बसला. मंग पाहू, असे तो म्हणाला होता. त्याने पाहिले.

पुढच्या चैत्रात माय पहाटे टोपली घेऊन गेली आणि रिकामी टोपली घेऊन परत आली. पाटलाच्या माणसाने सांगितले होते की झाड आता पाटलाच्या बांधीत आहे, फुले वेचायची तर विचारून वेचा. मायने टोपली पालथी घातली आणि तिच्यावर बसून राहिली. वर्षाने पाटलाने मोह तोडला. सावलीने धान पिकत नाही म्हणे.

मी इतिहासाचे पुस्तक पुन्हा उघडले. या वेळी पाठ करायला नाही. त्यात होते की एका देशाने अमेरिकेला प्रचंड मोठा मुलूख विकला, आणि घेणाऱ्या देशाचा आकार दुप्पट झाला. फार स्वस्तात सौदा झाला म्हणून कौतुक होते. त्या मुलखात तिसरेच लोक राहत होते, पेरत होते, शिकार करत होते, मेलेल्यांना पुरत होते. त्यांना कोणी भाव विचारला नव्हता. पुढे करार झाले. कराराच्या पलीकडे पुन्हा करार. मग माणसांना गावेच्या गावे उठवून, हिवाळ्यात, म्हाताऱ्यांसकट, पायी पश्चिमेला हाकलले. वाटेत मेले ते वाटेत राहिले. आणि हे सगळे करताना, ही भूमी देवानेच आपल्याला नेमून दिली आहे, असे त्या देशातले लोक म्हणत होते. आमच्या पुस्तकात हे हाकलणे एका ओळीत होते, बाकीचे मी पुढे वाचले. सौद्याला परिच्छेद होता.

शाळा दहावीवर सुटली. मी गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात बसू लागले. आधी मायच्या टोपलीसोबत, मग एकटी. मोहफूल, हिरडा, चारोळी. आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या चारोळीच्या बदल्यात मीठ घेऊन घरी आले. मी मीठ घ्यायला गेले नव्हते. गोंदियाचे व्यापारी यायचे, "बाई, रेट तो बोलो." मी बोलायची नाही. आधी तो बोलू दे. मी त्याच्या हाताकडे पाहायची. मूठभर माल उचलून पुन्हा पुन्हा चोळतो आहे, म्हणजे त्याला हवा आहे. मी भांडले, शिव्या दिल्या, एकदा तराजू उचलून फेकला. लोक मला तिखट बाई म्हणतात. आज माझे गोदाम आहे, दोन तालुक्यांतला माल माझ्याकडे येतो, आणि ज्यांनी मला बसायला पोते दिले नाही ते माझ्यासाठी खुर्ची पुसतात. घरच्या देवासाठीचे मोहफूल मात्र मी अजून विकतच घेते.

धुऱ्यासाठीही मी धावले. मोजणी आणली. मोजणीवाले आले, पाटलाच्या ओसरीत चहा प्यायले, आणि रेघ होती तिथेच राहिली. बा म्हणाला, "जाऊ दे." मला त्याचा संताप यायचा. त्याच्या त्या हसण्याचा तर वर्षानुवर्षे. ज्याच्या पायाखालून जमीन चालली तो हसतो कसा? कधी विचारले नाही. मग एक दिवस एका मोठ्या व्यापाऱ्याने चारचौघांत माझ्या रंगावर विनोद केला, आणि माल अडकला होता म्हणून मी हसले. पदराचे टोक तोंडाला लावून. घरी आल्यावर मला बा कळला.

तोवर बा अंथरुणाला खिळला होता. एका दुपारी मी त्याला पेज भरवत होते. त्याने विचारले, "धुरा मोहाच्या तिकडं, पाटलाच्या बाजूलाच हाय ना?"

जगाशी वाद घालणारी मी. सगळ्यांना तोंडावर खरे सांगणारी. मी म्हणाले, "हो बा. तिकडंच हाय."

त्याने माझ्याकडे पाहिले. मग भिंतीकडे तोंड केले. पेज तशीच राहिली.

बा गेला त्यानंतरच्या हिवाळ्यात शाळेचा माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. मला मंचावर बोलावले, नाव झाले होते ना. सर आले होते, थकलेले. माईक हातात घेऊन कौतुकाने म्हणाले, "ही आमची नाटकात बसलेली मुलगी." सगळे हसले. मी हसले नाही. खाली उतरल्यावर पाटलाचा पोरगा जवळ आला. आता तोच पाटील. त्याला राइस मिल टाकायची आहे, आणि रस्त्याला जायला मध्ये आमची उरलेली बांधी येते.

"देऊन टाक ना वो. भाव तूच सांग. तू तं व्यापारी."

मी आयुष्यभर समोरच्याला आधी भाव बोलायला लावले. आज तो मला बोलायला सांगत होता. सोपा सौदा. पण त्या भावात धुरा सरकवून घेतलेली जमीनही त्याचीच, हे मान्य करणे होते. अंगठाच तो.

"भाव नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही."

आमच्यात मेलेल्या माणसाच्या नावाने दगड मांडतात. बाचा दगड मांडायचा राहिला होता. मी सगे बोलावले. आम्ही उजेडात, ढोल वाजवत गेलो, धुरा ओलांडला, आणि जिथे मोहाचे खोड अजून जमिनीत आहे तिथे बाचा दगड रोवला. मोहफुले वाहिली. विकतची.

पाटील मोटारसायकलवरून आला. "हे काय?"

"माझा बाप."

"ही जागा माझी हाय. उचल इथून."

मी खाली बसले, दगडाला पाठ लावून. "मी नाही जात."

दगड तिथेच आहे. त्याने केस टाकली आहे, माझा माल न घ्यायला दोन व्यापाऱ्यांना सांगितले आहे. आणखीही करेल. नांगरणी आली की मी गोदाम बंद करते आणि दगडाजवळ जाऊन बसते. त्याच्या ट्रॅक्टरला वळसा घालून जावे लागते. एकदा पडदा टाकून मला उचलले होते. इथे पडदा नाही. उचलायचेच असेल तर भर उजेडात, सगळ्या गावासमोर, बापलेकीला हाताने उचलावे लागेल. आणि त्या वेळी कोण हसते, ते मी पाहणार आहे.